भट्टीचा पोळा

कडूबाभाऊ शेजूळ आमच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा त्यांनी एकच अट घातली. वर्षातून एक दिवस सुट्टी पाहिजे. स्वतःला नाही, भट्टीला.

श्रीनिवास, म्हणजे माझा नवरा, तेव्हा अगदी कोवळा कारखानदार होता. वाळूजची एमआयडीसी नुकती वसत होती, रस्त्यांना नावं नव्हती, आणि प्लॉटच्या खुणा म्हणून पुरलेले दगड गावातल्या बायका धुणं धुवायला उचलून नेत. भट्टीला सुट्टी हवी म्हटल्यावर श्रीनिवासला वाटलं, यंत्राच्या देखभालीची गोष्ट आहे. केवढा समंजस माणूस मिळाला! तो लगेच ‘हो’ म्हणाला. सुट्टी कोणत्या दिवशी आणि कशासाठी, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. माझ्या नवऱ्याला तापमानाखेरीज दुसरं काही विचारायचं सहसा सुचतच नाही. मला बघायला आला तेव्हासुद्धा यानं विचारलं होतं, तुमच्या घरावर पत्रे आहेत की स्लॅब, आणि उन्हाळ्यात आत किती तापतं.

आमचा प्लॉट म्हणजे कडूबाभाऊंचंच वावर. सरकारनं जमीन घेतली, मोबदला भावाभावांत वाटला गेला, आणि ज्या तुकड्यात यांचा बैलांचा गोठा होता नेमकी त्यावर आमची शेड उभी राहिली. चांद्या आणि माणक्या अशी त्यांची जोडी होती. जमीन गेली तशी जोडीही विकावी लागली. ज्या दिवशी बैल गेले त्या दिवशी कडूबाभाऊ जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात येऊन उभे राहिले. ‘‘काय काम ऱ्हाईल ते सांगा,’’ म्हणाले. ‘‘पन जागा हीच पायजे.’’

काम होतं पोलादाला पाणी द्यायचं. गावचा लोहार विळ्याला देतो तेच, फक्त मोठ्या प्रमाणावर. आमच्याकडे दोन भट्ट्या होत्या. पहिलीत पोलाद लालबुंद तापवायचं आणि तेलात बुडवायचं. त्यानं ते कडक होतं, पण इतकं कडक की काचेसारखं फुटतं. मग दुसऱ्या भट्टीत ते मंद आचेवर काही तास ठेवायचं, म्हणजे थोडा कडकपणा जातो आणि चिवटपणा येतो. श्रीनिवासनं हे सगळं कडूबाभाऊंना फळ्यावर रेघा मारून समजावलं. ते मान डोलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘‘समजलं. ह्यो पहिला चांद्या. लई तापट. आन दुसरा माणक्या, शांत.’’

नावं चिकटली. वर्षभरात श्रीनिवासही गिऱ्हाइकांना फोनवर सांगू लागला, ‘‘तुमचा माल माणक्यात आहे, संध्याकाळी निघेल.’’ गिऱ्हाइकं बिचारी समजत की माणक्या हा कुठलातरी टेम्पोवाला असावा.

दोन्ही भट्ट्यांच्या विजेच्या पेटीला एकच चावी होती. ती कडूबाभाऊंनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. लग्नाला, अंत्ययात्रेला, आंघोळीला, कुठंही गेले तरी ती गळ्यातच. दोऱ्यानं मानेवर एक काळसर वळ पडला होता. मी एकदा म्हटलं, खिळ्याला अडकवून ठेवा की. ते म्हणाले, ‘‘वैनी, कासरा कुनी खुटीला टांगून गावाला जातं का?’’

पहिला पोळा आला आणि त्या सुट्टीचा उलगडा झाला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचे खांदे सोलवटतात, त्यांना हळद आणि लोणी चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. कडूबाभाऊंची बायको सरूबाई वाटीत लोणी घेऊन शेडमध्ये आली. आता भट्टीचा खांदा कुठला, यावर नवराबायकोत बराच वाद झाला. सरूबाईच्या मते धुराडं. कडूबाभाऊंच्या मते दाराच्या बिजागऱ्या, कारण सगळा भार त्यांच्यावर येतो. शेवटी बिजागऱ्या ठरल्या. गरम बिजागरीवर लोणी लागताच ते कढलं, आणि ऑफिसातून श्रीनिवास विचारत आला, तूप कोण कढवतंय?

दुसऱ्या दिवशी दोन्ही भट्ट्यांना गेरू लावला होता, बेगड चिकटवली होती, आणि माणक्याच्या पाठीवर झूल होती. ती झूल दुपारपर्यंत जळून गेली, तेव्हापासून पत्र्याची रंगवलेली झूल करून घेतली. आमच्या भागात पोळ्याला बैलांचं लग्न लावतात, म्हणून मंगलाष्टकं झाली. माणक्या पुरता थंड झाला नव्हता, त्याच्या माथ्यावर पडलेल्या अक्षता तडतडल्या. दारासमोर पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला गेला. मी उस्मानपुऱ्यातल्या घरून मुद्दाम रागवायला म्हणून आले होते, पण सरूबाईनं हातावर पुरणपोळी ठेवल्यावर राग तोंडात मावेना. आणि खरं सांगायचं तर कडूबाभाऊंचा चेहरा बघून रागवायची माझी हिंमत झाली नाही. त्या दिवशी ते शेतकरी दिसत होते.

असे पाच पोळे झाले. मग पिनांची ऑर्डर आली.

हिमालयात कुठंतरी, बर्फात, एक झुलता पूल बांधायचा होता. त्याच्या मनगटाएवढ्या जाड पिना आम्ही तयार करायच्या होत्या. पोलाद निकेल-क्रोमचं, आमच्यासाठी नवं. पिनांना जोर तर हवाच होता, पण त्याहून मोठी अट अशी होती की उणे चाळीस तापमानातही त्या ठिसूळ होता कामा नयेत. कारण पोलादाचं बळ वेगळं आणि चिवटपणा वेगळा. इथल्या उन्हात जो दांडा हत्तीला पेलेल, तोच बर्फात एका धक्क्यानं तुटू शकतो.

उणे चाळीस! ज्या गावात मे महिन्यात नळाचं पाणी थेट चहाला चालतं, तिथं! पण प्रयोगशाळा माझ्याकडे होती. प्रयोगशाळा म्हणजे मी, एक टेबल आणि एक जुनं हातोड्याचं यंत्र. पिनेतून बोटाएवढा चौकोनी तुकडा कापायचा, त्याला मधोमध खाच पाडायची, गार करायचा आणि चिमट्यानं उचलून पटकन यंत्रात ठेवायचा. वरून जड हातोडा झोक्यासारखा येऊन तुकड्यावर आदळतो. तुकड्यानं किती मार सोसला ते काटा सांगतो. काट्याच्या तबकडीवर मी लाल खडूनं रेघ मारली होती, तिच्या पुढं गेलं तर पास. गार करायला स्पिरिट आणि कोरडा बर्फ लागे. तो बर्फ मुंबईहून लक्झरी बसनं येई आणि अर्धा वाटेतच उडून जाई. एकदा ड्रायव्हरनं त्या पेटीत आपला डबा ठेवला होता. क्रांती चौकात मी पेटी घ्यायला गेले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला भाकरी दगडानं फोडत होता आणि मलाच शिव्या घालत होता.

कडूबाभाऊंना उणे हा प्रकारच पटेना. ‘‘शून्याच्या खालीबी थंडी असती? मंग शून्य कशाला ठिवला?’’ मी सांगायला गेले आणि माझ्याच लक्षात आलं की मलाही नीट सांगता येत नाही. मी त्यांना भट्टीकडे पाठवलं.

तपासणीला पुलाच्या खात्यातून भोयर साहेब आले. वर्ध्याकडचे, जाडजूड, मिशा पांढऱ्या, आणि भर पावसाळ्याच्या उकाड्यात डोक्याला माकडटोपी. गळ्याला मफलर. मला वाटलं आजारी आहेत. तर म्हणाले, डॉक्टरनं थंडी टाळायला सांगितलीये आणि इथं उणे चाळीसची चाचणी आहे. मी त्यांना दाखवलं की उणे चाळीस फक्त त्या पातेल्यात आहे. त्यांनी पातेल्याकडे संशयानं पाहिलं आणि टोपीची गुंडी लावली.

पहिली खेप उत्तम गेली. हातोडा आदळला की ‘थब्’ असा आवाज, तुकडा नुसता वाकायचा, आणि काटा लाल रेघेच्या बराच पुढं. भोयर साहेबांनी सही केली आणि दुसरी खेप तयार झाली की बोलवा म्हणाले. मध्ये पोळा आला नि गेला. दुसरी खेप तयार झाली, भोयर साहेब आले, टोपी घातली, मी तुकडा ठेवला, हातोडा सोडला.

‘टिंग’ असा आवाज आला आणि तुकड्याचे दोन भाग दोन दिशांना उडाले. काटा रेघेच्या आसपासही नाही. दुसरा तुकडा, तोच प्रकार. तिसरा तर भोयर साहेबांच्या मफलरमध्ये जाऊन बसला. त्यांनी तो काढून पाहिला. तुटलेली कड खडीसाखरेसारखी चमकत होती.

‘‘काहून जी हे?’’ ते म्हणाले. अधिकारी माणूस, एरवी अगदी छापील बोलायचा, पण धक्का बसला की वर्धा बाहेर यायचं. ‘‘या पिनांवर माणसं चालणार हायेत ना बावा.’’ मग त्यांनी स्वतःला सावरलं आणि बजावलं की मी क्रांती चौकातल्या लॉजवर उतरलोय, उद्या येईन, तोवर कारण शोधा आणि उपाय सांगा. नाहीतर माल परत आणि ऑर्डरही रद्द.

मी पिनांचा कडकपणा मोजला. पहिल्या खेपेइतकाच, कणभर फरक नाही. म्हणजे जोर शाबूत, चिवटपणा मात्र गायब. श्रीनिवासनं आधी पोलाद पुरवणाऱ्यावर, मग यंत्रावर, मग माझ्या स्पिरिटवर संशय घेतला. माझ्या स्पिरिटवर घेतला तेव्हा मी त्याला बाहेर काढलं. मग त्यानं कडूबाभाऊंना विचारलं, ‘‘दुसऱ्या खेपेत काही वेगळं केलं का?’’

‘‘काईच नाय, सायेब. पहिल्यावानीच. चांद्यात तापवलं, तेलात बुडवलं, माणक्यात ठिवलं. फकस्त मधी पोळा आला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘माणक्याचं काम सरलं तवा दिस बुडत व्हता. खांदेमळणीचा टाइम. मी चावी फिरवून वीज तोडली, लोनी लावलं, आवतन दिलं. पोळ्याला दार उघडायचं नसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी माल काढला. कोमट व्हता.’’

श्रीनिवास मटकन खुर्चीवर बसला. निकेल-क्रोमच्या पोलादाची हीच खोड आहे. माणक्यातून निघालं की ते झटकन पाण्यात गार करावं लागतं. बंद भट्टीत हळूहळू निवू दिलं तर कडकपणा तसाच राहतो पण आतून ते ठिसूळ होतं, आणि थंडीत फुटतं. साध्या पोलादाला याचं काही नसतं, म्हणून आधीचे पाच पोळे निभावून गेले होते. या वर्षी पोटात हे नवं पोलाद ठेवूनच माणक्यानं पोळा केला होता.

श्रीनिवास फारसा रागावत नाही. त्या दिवशी रागावला. ‘‘बस झालं! यापुढं भट्टीला पोळा नाही. बर्फात कुणाचा जीव जाईल, आणि आम्ही इथं लोखंडाची लग्नं लावतोय!’’

कडूबाभाऊंनी गळ्यातली चावी मुठीत धरली. मग ते सायकल घेऊन घरी गेले.

संध्याकाळी सरूबाई आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी आली. चहा नको म्हणाली, पाणीही नको म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. ‘‘वैनी, मानूस जेवंना,’’ ती म्हणाली. ‘‘बैल गेले त्या दिशी असंच केलं व्हतं. वावर गेलं, गोठा गेला, बैल गेले. एक पोळा तेवढा ऱ्हायला व्हता. तोबी नेता का?’’

मला भडभडून आलं. ती गेल्यावर मी श्रीनिवासशी भांडले. तो म्हणाला, मी काय चूक बोललो? चूक नव्हतंच ते, म्हणून जास्तच भांडले. शेवटी त्यालाच एक तोड सुचली. भोयर साहेबांना सांगायचं की त्या संध्याकाळी वीज गेली, म्हणून भट्टी बंद पडली आणि माल आतच निवला. वाळूजमध्ये वीज जाणं ही काही सांगून पटवायची गोष्ट नव्हती. उपाय म्हणून माल पुन्हा माणक्यात तापवून पाण्यात काढायचा, चिवटपणा परत येतो. ऑर्डर वाचेल, पोळ्याचं नावही निघणार नाही, आणि पुढच्या वर्षी भट्टी रिकामी ठेवून करा म्हणावं काय करायचं ते. श्रीनिवासला तशी थापा मारायची सवय नाही. मला वाटलं, माझ्यासाठी आणि कडूबाभाऊंसाठी यानं केवढी मजल मारली! मी त्याला रात्री साजूक तुपातला शिरा केला.

सकाळी कडूबाभाऊंना हे समजावलं. ते ‘हां’ही म्हणाले नाहीत आणि ‘ना’ही.

भोयर साहेब आले. टोपी, मफलर. श्रीनिवासनं विजेची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, मध्ये दोनदा घाम पुसला तो उकाड्याचाही वाटू शकला असता. भोयर साहेबांनी मान हलवली आणि सहज भट्टीकडे वळून विचारलं, ‘‘वीज किती वाजता गेली होती हो?’’

कडूबाभाऊ माणक्याच्या दाराशी उभे होते. बिजागरीवर लोण्याचा पिवळा डाग अजून होता. ‘‘वीज गेली नव्हती, सायेब,’’ ते म्हणाले. ‘‘वीज व्हती. पोळा व्हता.’’

श्रीनिवासनं डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात कडूबाभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वाचवायला निघालो होतो याचा पोळा, आणि यानंच तो उचलून साहेबाच्या पुढ्यात ठेवला!

‘‘काय होतं?’’

‘‘पोळा. मी सोता वीज तोडली. सायेब म्हनले विजेवर घाला. पन वीज म्हंजी माणक्याचा चारा. बैल बसला म्हनून चाऱ्यावर कसं नाव घालू?’’

भोयर साहेबांनी टोपीची गुंडी सोडली, टोपी काढून खिशात ठेवली. त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ‘‘भट्टीचा पोळा करता तुम्ही?’’

‘‘व्हय.’’

‘‘खांदेमळणी?’’

‘‘केली ना. हळद, लोनी.’’

‘‘खांदा कुठं धरता?’’

‘‘बिजागरीला.’’

भोयर साहेबांनी बिजागरी निरखली, बोटानं डाग चाचपला. ‘‘बरोबर हाय,’’ म्हणाले. ‘‘आमचा बाप असता तर त्यानंही हाच धरला असता. आवतन?’’

‘‘दिलं. दिस बुडता.’’

‘‘तवा भट्टीत माल होता?’’

‘‘व्हता.’’

‘‘मंग मले सांगा,’’ भोयर साहेबांचा आवाज चढला. सरकारी तपासणी कुठल्या कुठे गेली होती, आता हा दोन शेतकऱ्यांचा मामला होता. ‘‘जू काढल्याबिगर आवतन देतात का कोणी? बैल वावरातून आला, त्याच्या मानेवर जू तसंच, आन तुम्ही त्याले म्हनता उद्या जेवाले या? रातभर, दुसरा दिवसभर तो तसाच उभा जुवाखाली? आमच्याकडं असं केलं तर गाव थुंकंल तोंडावर!’’

मला वाटलं, कडूबाभाऊ भांडतील. पण त्यांचा चेहराच उतरला. त्यांनी माणक्याच्या दाराकडे पाहिलं, आणि पाहता पाहता ते खाली, ऑइल सांडलेल्या त्या फरशीवरच बसले. ‘‘खरंय,’’ ते म्हणाले. ‘‘पोटात ओझं तसंच, आन मी वरून लोनी चोळलं. सहा वरसं. सहा वरसं मी त्याला जुवाखाली पुरनपोळी चारली.’’ आणि ते रडायला लागले. साठीकडे झुकलेला माणूस एका विजेच्या भट्टीची माफी मागत रडत होता, समोर सरकारी अधिकारी मिशा पुसत होता, आणि माझा इंजिनिअर नवरा खिशात रुमाल शोधत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्याच दिवशी पिना पुन्हा माणक्यात गेल्या. दार लावायच्या आधी कडूबाभाऊंनी बिजागरीला कपाळ टेकवलं. ती बेताचीच तापलेली होती, तरी भाजायचं ते भाजलंच. माल पुरता तापल्यावर त्यांनी एकेक पीन सांडशीनं उचलून पाण्याच्या हौदात सोडली. शेडभर वाफ झाली. भोयर साहेब लॉजवर गेले नाहीत, शर्टाच्या बाह्या सारून हौदाशी उभे राहिले आणि पाणी गरम झालं की ‘‘बदला ना जी!’’ म्हणून ओरडत राहिले.

नवे तुकडे कापून झाल्यावर चाचणी झाली. मी तुकडा उणे चाळीसमधून काढून यंत्रात ठेवला. कडूबाभाऊ दारातच थांबले, आत येईनात. हातोडा सुटला.

‘थब्.’

काटा लाल रेघेच्या पुढं. दुसरा, तिसरा, तसेच. कडकपणाही जेवढा हवा तेवढा. भोयर साहेबांनी वाकलेला तुकडा उचलून कडूबाभाऊंच्या हातात दिला. ‘‘घ्या. जू उतरलं.’’

पोळा बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही, उलट झालं भलतंच. पिनांच्या कामाची जी रीतसर पद्धत लिहून ठेवायची असते, तीत भोयर साहेबांनी स्वतः एक कलम घातलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी भट्टी पूर्ण रिकामी करावी, माल पाण्यात गार करावा, आणि त्यानंतरच पुढील विधी सुरू करावा. पुढं दोन महिन्यांनी त्यांच्या वरच्या कार्यालयातून विचारणा आली, हा पोळा कोण, आणि तो परवानाधारक आहे का? श्रीनिवासनं कळवलं की पोळा हा स्थानिक असून फार जुना आणि अनुभवी आहे. कलम मंजूर झालं. बर्फातल्या त्या पुलावरून जाणाऱ्या माणसांना ठाऊक नसेल, पण त्यांच्या पायाखालचं पोलाद आमच्या पोळ्याच्या शिस्तीत तयार झालेलं आहे.

त्यानंतर कडूबाभाऊंचा एकही पोळा चुकला नाही. दर वर्षी दुपारपासूनच ते घाई करत, माल काढा, माल काढा. भट्टी रिकामी झाली की स्वतः आत डोकावून, सांडशी फिरवून बघत, आणि मगच सरूबाईच्या हातातली वाटी घेत.

मग त्यांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. इतकी वर्षं आगीत पाहिलेले डोळे ते. डॉक्टरनं भट्टीसमोर जायचं नाही म्हणून सांगितलं. श्रीनिवास म्हणाला, गेटवर बसा, पगार चालू राहील. कडूबाभाऊंना ते पटलं नाही. सरूबाईनं ठरवून टाकलं, ‘‘औंदाच्या पोळ्याला सुटायचं.’’

त्या वर्षीच्या खांदेमळणीला मी होते. माल निघाला, पाण्यात गेला. कडूबाभाऊंनी चाचपडत आत सांडशी फिरवली, दोघांच्या बिजागऱ्यांना लोणी चोळलं, आवतन दिलं. वाटीत लोणी उरलं होतं. सरूबाईनं ती वाटी श्रीनिवासपुढे धरली. ‘‘आता याहीचं करा, सायेब.’’

‘‘खुळी झाली का?’’ कडूबाभाऊ म्हणाले. पण त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी सोडली.

श्रीनिवासनं वाटी घेतली. ‘‘लोणी थोडं गरम करायचं का?’’ त्यानं विचारलं. हा माणूस सुधारणार नाही. मी म्हटलं, नाही, असंच लाव. त्यानं बोटं लोण्यात बुडवली, तेवढ्यात सरूबाईनं त्याचा हात धरला.

‘‘थांबा,’’ ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. ‘‘आधी गळ्यातलं काढा. जू काढल्याबिगर आवतन देत नसतेत. इसरले का?’’

कडूबाभाऊंचा हात चावीकडे गेला आणि तिथंच थांबला. मग तो त्यांनी खाली घेतला, मान पुढं करून वाकवली आणि उभे राहिले. श्रीनिवासनं काळा दोरा त्यांच्या डोक्यावरून काढून घेतला. मानेवरचा वळ उघडा पडला. त्यावर त्यानं हळद-लोणी चोळलं, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. ‘‘आज आवतन घ्या,’’ तो म्हणाला, आणि पुढचं त्याला म्हणता येईना, ते मी म्हटलं. ‘‘उद्या जेवायला या.’’

कडूबाभाऊ तसेच मान खाली घालून उभे. बराच वेळ. शेवटी सरूबाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘झालं की,’’ ती म्हणाली. ‘‘आता मान वर करा.’’